कीस कोणत्या बाजूला पडतो

आमच्या घरात दोन नोकऱ्या आहेत. घरचे, म्हणजे माझे यजमान, मोहर्लीला वाघांच्या जंगलात सफारीची गाडी चालवतात आणि मी चंद्रपूरच्या एमआयडीसीत लोखंड कापते. पाहुणे आले की चहाचा कप हातात पडायच्या आत विचारतात, काय भाऊ, वाघ दिसला का? आणि मग आमचे घरचे सुरू होतात. वाघीण कशी रस्त्यातच बसली, बछडे कसे पाण्यात खेळले, नागपूरच्या एका बाईंचा मोबाइल कसा घाबरून हातातून पडला. ती एकच वाघीण मी आजवर चाळीस वेळा तरी ऐकली असेल आणि दर वेळी ती गाडीच्या थोडी आणखी जवळ येते. मला मात्र एकाही पाहुण्यानं कधी विचारलं नाही की बाई, आज काय कापलं? विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं की. नाही विचारत तर नाही, मी आपली लिहून ठेवते. वाघ कधी दिसतो, कधी नाही दिसत. माझी करवत रोज दिसते.

माझं माहेर आरमोरीकडचं. धानाचा मुलूख. शाळा सुटली की दप्तर ओट्यावर टाकायचं आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पळायचं, हे आमचं बालपण. धान कापायचा आमचा विळा दातेरी असतो. डाव्या मुठीत धान पकडायचा, विळा पलीकडून घालायचा आणि आपल्याकडे ओढायचा. ओढताना तो कापतो, परत जाताना नुसता रिकामा जातो. त्याला ढकलून काही उपयोग नाही, ढकलला तर फक्त धान आडवा होतो आणि आई पाठीत धपाटा घालते. हे मी उगाच सांगत नाही. पुढची सगळी गंमत आणि सगळी फजिती या विळ्याचीच आहे.

लग्न होऊन चंद्रपूरला आले, मुलं मोठी झाली. पावसाळ्यात जंगल बंद झालं की घरचे घरी बसतात आणि मला स्वयंपाक शिकवतात. तीन महिने तो छळ सहन करण्यापेक्षा आपणच बाहेर पडावं म्हणून मी काम शोधलं आणि या दुकानात लागले. दुकान म्हणजे स्टील कापून देणारं. लांबच लांब सळया, पाइप, पट्ट्या, गोल बार येऊन पडतात, आणि गिऱ्हाइकाला पाहिजे त्या मापाचे तुकडे करून द्यायचे. मला ठेवलं होतं झाडायला. लोखंड कापताना त्याचा कीस पडतो, ओल्या नारळाचा पडतो तसाच, फक्त हा बोटात घुसतो. तो दिवसभर झाडायचा, पोत्यात भरायचा आणि भंगारवाल्यासाठी कोपऱ्यात लावायचा. एवढंच माझं काम.

पण झाडणाऱ्या माणसाला सगळं दिसतं. दुकानात तेव्हा चार करवती होत्या आणि चौघींचे स्वभाव मला कारागिरांपेक्षा आधी कळले.

पहिली कटर. तिला दात नाहीत. दगडाची पातळ तबकडी भन्नाट वेगानं फिरते आणि लोखंड घासून घासून तोडते. दिवाळी असो नसो, हिच्याकडे रोज ठिणग्या. दारा-खिडक्यांचे अँगल, पातळ पाइप कापायला एकदम झकास, पण आवाज असा की मालकांना फोनवर बोलायचं असलं की ते रस्त्यावर जातात. शिवाय कापलेलं टोक तापून निळं पडतं आणि कडक होऊन बसतं. दुसरी बँडसॉ. दात असलेली लांब पट्टी, टोकाला टोक जोडून तिचा पट्टा केलेला, आणि तो दोन चाकांवरून फिरतच राहतो, एकाच दिशेनं. शांत, नीटनेटकी, बारीक कीस पाडणारी. तिचा कारागीरही तिच्यासारखाच, भांग पाडून यायचा. तिसरा हाताचा हॅक्सॉ, लोखंडी फ्रेममध्ये ताणलेली दातेरी ब्लेड, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला.

आणि चौथी आमची म्हातारी. पॉवर हॅक्सॉ. हाताच्या हॅक्सॉसारखीच हिची फ्रेम, पण हातभर लांब आणि मोटरवर चालणारी. पुढं जाते, मागं येते, पुढं जाते, मागं येते. ब्लेड तापू नये म्हणून वरून कूलंटची बारीक धार पडत असते, ताकासारखं पांढरं पाणी. तिला घाई नावाचा प्रकारच माहीत नाही. बाकी सगळे तिला नावं ठेवायचे, पण जाड बार आला की शेवटी हिच्याच दाराशी यायचे. आता आमच्याकडे पाचवीही आली आहे, हळू फिरणारी गोल दातेरी करवत, कापलेलं तोंड आरशासारखं करते. मालक येईल त्याला तीच दाखवतात. माझा जीव म्हातारीवरच.

दुकानात गॅसच्या ज्योतीनं लोखंड तोडणारा गॅसवालाही होता. पण गॅस ही काही करवत नाही. तो जाळतो, कापत नाही. हे म्हटलं की गॅसवाल्याला भयंकर राग यायचा, म्हणून मी रोज एकदा तरी म्हणायची.

म्हातारी होती मिस्त्रींच्या ताब्यात. मिस्त्री सिरोंचाकडचे, साठीला टेकलेले, बोलायला अतिशय कंजूष. संतापले की तेलुगूत मोजून चार शब्द बोलायचे. ते चार शब्द दुकानातल्या सगळ्यांना पाठ होते, अर्थ कोणालाच माहीत नव्हता आणि विचारायची कोणाची टाप नव्हती. म्हातारीच्या ब्लेडचा नट खोलायचा पाना ते कमरेला दोरीनं बांधून ठेवायचे. बाकी काहीही करा, पण म्हातारीला ब्लेड लावणार ते मिस्त्रीच. एका कारागिरानं एकदा स्वतःच्या शहाणपणानं लावली होती म्हणे. ब्लेड तुटून तुकडा समोरच्या पत्र्यात जाऊन रुतला, आणि संध्याकाळच्या आत तो कारागीर दुकानाबाहेर. पत्र्यातली ती चीर मिस्त्रींनी कधी बुजवू दिली नाही.

आणि एक रिवाज होता. दसऱ्याला सगळ्या यंत्रांना घासूनपुसून झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, आणि ज्याला मशीनवर बसायचं असेल त्यानं त्या दिवशी चकती कापून दाखवायची. हाताचा हॅक्सॉ, नवी ब्लेड आणि एक इंची सळई एवढं समोर ठेवायचे. ब्लेड आपणच चढवायची आणि दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाडीची चकती कापायची, चारी बाजूंनी सारखी. मिस्त्री मोजणार. साधली तर चकतीला भोक पाडून ती म्हातारीच्या वरच्या तारेत ओवायची. नाही साधली तर चकती भंगारात आणि आपण पुढच्या दसऱ्यापर्यंत आपल्या जागी. वर्षातून एकच संधी.

मला ती मशीन हवी होती. पगार वाढला असताच, नाही म्हणत नाही, पण खरं कारण ते नव्हतं. काळाकुट्ट, गंजलेला बार असतो, आणि म्हातारी तासाभरानं त्याचं असं चकचकीत तोंड उघडं करते की बघत राहावं. आतून सगळं लोखंड एवढं सुंदर असतं हे मला तिथंच कळलं. ते माझ्या हातून व्हावं असं मला वाटायचं. दोन वर्षं मी ते पोटात ठेवलं आणि दुसऱ्या दसऱ्याला नारळ फुटल्याबरोबर म्हणून टाकलं की मी चकती कापते.

आधी सगळ्यांना वाटलं मी प्रसाद मागते आहे. मग कळल्यावर गॅसवाला हसला. मालक म्हणाले, कापू द्या, सणाचा दिवस आहे. मिस्त्रींनी ब्लेड पुढं केली.

मी ती चढवली, मोठ्या रुबाबात. आणि इथं माझ्या हातानं घात केला. डोकं काही म्हणत असेल, पण हात आरमोरीचा. त्यानं ब्लेडचे दात विळ्यासारखे आपल्याकडे केले. हाताचा हॅक्सॉ ढकलताना कापतो, त्याचे दात पुढं पाहिजेत. बरं, दात उलटे लावले तर लावले, निदान विळ्यासारखं ओढून तरी कापायचं! पण या लोकांना दोन वर्षं जोर लावून ढकलताना पाहिलेलं, तर मीही अगदी तस्साच पदर खोचून ढकलताना जोर लावला. दात एकीकडे, जोर दुसरीकडे. ब्लेड नुसती घसरायला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी घामानं भिजले, आणि सळईवर काय? एक चकचकीत रेघ.

गॅसवाल्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, "बाई, धान कापून राह्यली का?"

दुकान फुटलं हसून. बँडसॉवाला तर भांग विस्कटेपर्यंत हसला. मालकही हसले. मी हॅक्सॉ तिथंच आपटला आणि गॅसवाल्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फक्त मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी हॅक्सॉ उचलला, ब्लेड काढली, दातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले की पुढच्या दसऱ्याला पाहू. त्या दिवसापासून माझं नाव पडलं धानवाली.

घरी येऊन मी रडले. खरं सांगते, चांगला अर्धा तास रडले. घरच्यांनी समजूत काढायची म्हणून सांगितलं की वाघाचीसुद्धा झेप कितीदा हुकते, हरीण निघून जातं, म्हणून काय तो रडत बसतो का? मी म्हटलं, वाघाला गॅसवाला नसतो.

दसरा गेला, दिवाळी गेली. धान कापणीचे दिवस आले. मिस्त्री सिरोंच्याला गेले, त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, आठवडाभर येणार नव्हते. जाताना पाना मालकांच्या हातात दिला आणि मालकांनी तो देवाच्या फोटोखाली लटकवला. नेमक्या त्याच आठवड्यात बँडसॉची पट्टी तुटली. नवी नागपूरहून यायची होती. बँडसॉवाला दोन दिवस नुसता भांग पाडत बसला.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आरमोरीकडचा एक राइस मिलवाला गाडी घेऊन हजर. चेहरा उतरलेला. मिलचा मुख्य शाफ्ट तुटला होता, मिल बंद पडली होती, आणि कापणीचा हंगाम. दारात पोत्यांची थप्पी आणि पोत्यांवर लोक बसलेले. आमच्याकडून साडेतीन इंची बार पाच फूट कापून घ्यायचा, शेजारच्या लेथवाल्याकडून आजच्या आज तो कातून त्याचा शाफ्ट करून घ्यायचा आणि रात्री परतायचं, असा त्याचा हिशोब होता.

बार आमच्याकडे होता. कापायचा कशानं हा प्रश्न. कटरची तबकडी एवढ्या जाड बारात आरपार पोचत नाही. गॅसवाला छाती काढून पुढं आला, तर शेजारून आलेल्या लेथवाल्यानंच हात जोडले. गॅसनं कापलेलं टोक कडक होतं, माझी हत्यारं मोडतील, म्हणाला. म्हणजे मी जे दोन वर्षं सांगत होते तेच. मी गॅसवाल्याकडे नुसतं बघितलं. राहिली म्हातारी. तिच्यातली ब्लेड झिजलेली होती. नव्या तीन शिल्लक होत्या, आणि त्या मापाची ब्लेड चंद्रपुरात दोन दिवस तरी मिळणार नाही असं दुकानदारानं फोनवर सांगितलं. मिस्त्रींचा फोन लागत नव्हता. तिकडं जंगलात कुठला लागायला?

मालकांनी देवाला नमस्कार करून पाना काढला. बँडसॉवाला आणि गॅसवाला, दोघांनी मिळून ब्लेड चढवली. ब्लेडवर बाण असतो, दात कुठं तोंड करून आहेत ते सांगणारा. दोघांनी एकमेकांना विचारलं, आणि हाताच्या हॅक्सॉत करतात तसा बाण पुढच्या बाजूला केला. म्हातारी सुरू झाली.

आवाजच वेगळा. रोजचा तिचा खर्र खर्र आवाज मला झोपेतही ओळखू येतो. आज ती किंचाळत होती. अर्ध्या तासानं बघितलं तर बारवर एक खरवड आणि ब्लेडचे दात बोथट. दोघांनी ठरवलं की मटेरियल कडक आहे. मालकांना ते झोंबलं, माल चांगला आहे म्हणून ते तावातावानं बिल शोधायला गेले. दुसरी ब्लेड लावली, फ्रेमवर वरून जास्तीचं वजन टांगलं. ती वीस मिनिटांत संपली. आता एकच उरली. मिलवाला स्टुलावरून उठून फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

मी झाडू घेऊन उभी होते. झाडायला गेले आणि झाडायला काही नव्हतंच. म्हातारीचा कीस रोज मोटरच्या बाजूला पडतो. दोन वर्षं मी तो तिथूनच उचलत होते, वाकून वाकून कंबर त्याच बाजूनं दुखायची. पुढच्या बाजूला कधी चिमूटभर पडला नाही. आज मोटरच्या बाजूला काही नाही, पुढंही काही नाही, नुसता काळा भुगा बारवर चिकटलेला. मी फ्रेमकडे बघत राहिले. मोटरपासून लांब जाताना ती जरासा श्वास घेतल्यासारखी वर उचलली जाते. येताना बारवर बसते. जाताना रिकामी, येताना भार देऊन. म्हणजे ही ढकलून कापतच नाही. ही ओढून कापते. विळा आहे ही! आणि या दोघांनी दात लावले होते हाताच्या हॅक्सॉसारखे पुढं. मी दसऱ्याला केलं तेच हे करत होते, फक्त उलट्या बाजूनं.

आता कळलं, पण बोलायचं कसं? ज्या गोष्टीवरून सगळं दुकान आपल्याला हसलं तीच गोष्ट पुन्हा त्याच लोकांसमोर काढायची, हे फार जिवावर येतं. शिवाय ब्लेड एकच. माझं चुकलं तर मिलवाल्याची मिल बंद, मालकांचं गिऱ्हाईक गेलं, आणि मिस्त्री आल्यावर माझी मशीन तर सोडाच, झाडूही गेला. तरी तोंड उघडलंच, ते माझं कधी माझ्या ताब्यात राहिलेलं नाही. म्हटलं, ब्लेड उलटी लागली आहे.

गॅसवाल्यानं हसून मालकांकडे बघितलं आणि म्हणाला, धानवालीचा पुन्हा धान सुरू झाला.

माझं डोकंच फिरलं.

"दोन वर्षं हिचा कीस मी झाडून राह्यली," मी म्हटलं. "रोज मोटरच्या बाजूले पडते. आज कुठी आहे कीस? दाखव मले."

गॅसवाल्यानं खरंच खाली वाकून बघितलं. मग मी सगळं भडाभडा सांगितलं, फ्रेम कुठं उचलते, कुठं बसते, विळा कसा जातो आणि कसा येतो. माझं सांगून व्हायच्या आत मिलवाला म्हातारीपाशी आला. दोन-चार वेळा तिचं जाणं-येणं बघितलं. मग डाव्या हाताची मूठ धरून उजव्या हातानं हवेतच विळा ओढला, एकदा, दोनदा. धानाच्याच मुलखातला माणूस तो.

"बाई बरोबर बोलून राह्यली जी," तो मालकांना म्हणाला.

मालकांनी पाना दोघांपुढं धरला. शेवटच्या ब्लेडची जबाबदारी कोण घेतो? बँडसॉवाल्यानं हात खिशात घातले. गॅसवाला म्हणाला, जिचं डोकं तिचाच हात. मग मीच घेतला. एवढासा पाना, पण हातात फार जड लागला.

ब्लेड चढवली, बाण मोटरकडे. मिस्त्रींना शंभर वेळा पाहिलं होतं, तसाच बार त्याला पकडून ठेवणाऱ्या वाइसच्या जबड्यात सैल करून अर्धा फिरवला. जुन्या खरवडीत नवी ब्लेड घालायची नाही, अडकून तुटते. म्हणून दुसऱ्या कोऱ्या बाजूनं सुरुवात. नट आवळताना मिस्त्री ब्लेडवर नखानं टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. तो आवाज माझ्या कानात होता. मी आवळत गेले, टिचकी मारत गेले, आणि वाटलं तेवढ्यावर थांबले. वजन काढून टाकलं. कूलंटची धार सोडली. पत्र्यातली ती चीर नेमकी माझ्या समोर होती. सगळ्यांना मी मागं व्हायला सांगितलं आणि ते झालेही, याचं मला तेवढ्यातही बरं वाटलं.

बटण दाबलं. गेली, आली. गेली, आली. खर्र. खर्र.

मी खाली वाकले. मोटरच्या बाजूला, पांढऱ्या पाण्यातून, कीस येऊन पडत होता. कुरळा, चकचकीत, रोजच्यासारखा. मला एवढा आनंद झाला की मी तो ओला कीस मुठीत उचलला आणि बोट कापून घेतलं. बोट तोंडात घालून मी हसत उभी राहिले. पाऊण तासानं बारचा तुकडा धाडकन खालच्या फळीवर पडला. त्याचं तोंड मी पदरानं पुसलं. लेथवाल्यानं काटकोन तपासायचा गुण्या लावून बघितला आणि मान हलवली. गाडीत शाफ्ट घालून निघताना मिलवाला खास आत आला आणि म्हणाला की मिल सुरू झाली की पोत्यांवर बसलेल्या लोकांना सांगेन, शाफ्ट आपल्याच मुलखाच्या बाईनं कापला. गॅसवाला दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी मात्र बोटाला बांधायला पट्टी त्यानंच आणून दिली.

घरच्यांना मी ते सगळं सांगितलं, कीस पडला तिथपर्यंत दोनदा सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, मिस्त्री काय म्हणतील? तो विचार मी पुढचे चार दिवस टाळत राहिले. झालं ते चांगलं झालं, पण पान्याला हात लावलाच होता ना. आधीच्या कारागिराला तर त्यांनी एक शब्दही बोलू दिला नव्हता.

मिस्त्री आले त्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले, तर ते माझ्याआधी हजर. बँडसॉवाला आणि गॅसवाला, दोघांनी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, चेहऱ्यावरूनच कळत होतं. पाना परत त्यांच्या कमरेला. दात गेलेल्या दोन ब्लेड टेबलावर पडल्या होत्या. त्यांनी त्या उचलल्या, उजेडात धरल्या आणि ते चार तेलुगू शब्द बोलले. बँडसॉवाला एक पाऊल मागं सरकला. मग मिस्त्री म्हातारीपाशी गेले, नट खोलला आणि मी लावलेली ब्लेड काढून घेतली. मला वाटलं, संपलं. आता झाडूही ठेवून निघायचं.

त्यांनी ब्लेड माझ्यापुढं धरली.

"लाव," म्हणाले.

मी लावली. बाण मोटरकडे. नट दोनदा सुटला, पण लावली. टिचकी मारली, आवळलं, पुन्हा मारली, आणि बाजूला झाले. मिस्त्रींनी वाकून कान लावला, स्वतः टिचकी मारली. मग पाना माझ्या हातातून घेतला, नट पाव फेरा आणखी आवळला आणि पुन्हा टिचकी मारून मला ऐकवली. आवाज थोडा वर गेला होता. एवढाच फरक, पाव फेऱ्याचा. त्यांनी दोनदा ऐकवली, मी मान हलवली. मग त्यांनी कमरेची दोरी सोडली, पान्याला गुंडाळली आणि तो पाना माझ्या हातात ठेवला. म्हणाले की चकती मात्र दसऱ्याला कापावीच लागेल, नेम तो नेम.

मला बोलता येईना. मला! मालक तेवढ्यात आत आले, त्यांनी माझ्या हातात पाना बघितला, खूश झाले, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं. आता झाडायचं कोणी? दुसरी बाई बघावी लागेल का?

"ज्याचा कीस त्यानं झाडावा," मिस्त्री म्हणाले. "नाई झाडलं त समजन कसं? आजवर माझा हिनं झाडला."

मग ते कोपऱ्यात गेले, माझा झाडू उचलला आणि म्हातारीच्या मोटरच्या बाजूनं झाडायला लागले.